लेपा मासा: ओळख, पारख, सोलणे आणि तळणे (नवशिक्यांसाठी)

मासळी बाजारात पापलेट, सुरमई आणि हलवा यांच्याभोवती गिऱ्हाइकांची गर्दी असते आणि त्याच ओट्याच्या कडेला जिभेच्या आकाराच्या, तपकिरी, चपट्या माशांचा एखादा वाटा पडलेला असतो. हा लेपा. कोणी त्याला नुसते लेप म्हणतात आणि मालवणी व गोव्याच्या कोंकणीत तो लेपो होतो. केरळात त्याला मांतळ म्हणतात. नव्याने मासे खाऊ लागलेले किंवा घाटावरून कोकणात येऊन स्थिरावलेले लोक हा मासा सहसा टाळतात, कारण त्याचे डोळे एकाच बाजूला असतात, तोंड वाकडे असते आणि तो नेमका कसा धरावा, कुठून कापावा हे कळत नाही. वास्तविक काटे काढायला इतका सोपा आणि चवीला इतका सौम्य मासा किनाऱ्यावर फार थोडा मिळतो.

लेप्याची प्रत्येक विचित्र वाटणारी गोष्ट एका सवयीतून आलेली आहे. तो समुद्राच्या तळाशी, चिखलात किंवा वाळूत, एका कुशीवर पडून सारे आयुष्य काढतो. एवढे नीट ध्यानात घेतले, तर विकत घेण्यापासून ताटात काटा काढण्यापर्यंतची कोणतीही पायरी पाठ करावी लागत नाही. म्हणून हातात सुरी घेण्याआधी मासा समजून घ्यावा.

पहिली पायरी: लेप्याचे शरीर समजून घेणे

पापलेटही चपटा असतो, परंतु तो उभा चपटा असतो. त्याची पाठ वर, पोट खाली आणि दोन्ही कुशींवर एकेक डोळा असतो. लेप्याचे तसे नाही. आपण ज्याला लेप्याची वरची बाजू म्हणतो ती त्याची पाठ नसून डावी कूस असते, आणि जी पांढरी खालची बाजू दिसते ती पोट नसून उजवी कूस असते. त्याची खरी पाठ आणि खरे पोट म्हणजे दोन बाजूंच्या कडा. त्या कडांवरून डोक्यापासून शेपटापर्यंत पराची सलग झालर जाते, वरचा पर आणि खालचा पर दोन्ही टोकदार शेपटीला मिळून एक होतात आणि त्यामुळे माशाला वेगळे असे शेपूट दिसतच नाही. मोठ्या लेप्याला छातीचे पर नसतात. कडेच्या या झालरीला लाटा देत तो तळालगत सरकतो आणि तशाच हालचालीने वाळू उडवून ती स्वतःच्या अंगावर पसरून घेतो.

अंड्यातून बाहेर पडते तेव्हा लेप्याचे पिल्लू इतर कोणत्याही माशासारखेच असते. ते पाण्याच्या वरच्या थरांत सरळ पोहते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक डोळा असतो. पुढे साधारण सेंटिमीटरभर वाढल्यावर त्याच्या शरीरात मोठा बदल घडतो. उजवा डोळा सरकत डावीकडे येतो, कवटी वाकते, तोंड एका बाजूला ओढले जाते, डाव्या कुशीवर रंग चढतो, उजवी कूस पांढरी राहते आणि पिल्लू तळाशी जाऊन आडवे होते. चपट्या माशांच्या या रूपांतरामागे थायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक असते. बेडूकमाशाचा बेडूक होतानाही हेच संप्रेरक काम करते.

डोळा सरकण्याच्या या गोष्टीवर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला होता. अर्धवट सरकलेला डोळा माशाच्या काय कामाचा, असा आक्षेप इंग्रज जीवशास्त्रज्ञ मायव्हर्ट यांनी १८७१ मध्ये उत्क्रांतीवर घेतला आणि डार्विन यांनी १८७२ मध्ये त्याला सविस्तर उत्तर दिले. पुढे २००८ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ मॅट फ्रीडमन यांनी सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांचा अभ्यास करून दाखवले की, एक डोळा कवटीवर अर्ध्या वाटेत थांबलेले प्रौढ चपटे मासे खरोखरच होऊन गेले होते. बाजारातल्या साध्या वाट्यात पडलेल्या माशाच्या तोंडावर एवढा इतिहास लिहिलेला आहे, हे मला आजही नवलाचे वाटते.

तळाशी राहण्याच्या आणखी काही खुणा आहेत. बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते आणि तिच्या आधाराने ते पाण्यात तरंगून राहतात. लेप्याला तरंगायचे नसल्याने मोठेपणी ती नसते. त्याचे डोळे बारीक, जवळजवळ आणि थोडे वर आलेले असतात, त्यामुळे सारे अंग वाळूखाली असतानाही त्याला वरचे दिसत राहते. थुंतरी, म्हणजे डोक्याचे पुढचे टोक, पुढे येऊन आकड्यासारखी खाली वळलेली असते. तोंड वाकडे असते आणि दात केवळ खालच्या, म्हणजे पांढऱ्या बाजूच्या जबड्यावर असतात, कारण त्याचे खाणे त्याच बाजूला चिखलात असते. समुद्री कृमी, लहान कवचधारी जीव आणि तळाशी साचलेले सेंद्रिय कण हे त्याचे अन्न. तपकिरी कुशीवर दोन किंवा तीन बारीक रेषा डोक्याकडून शेपटीकडे गेलेल्या दिसतात. पाण्यातली हालचाल जाणवून घेणारी ही इंद्रिये आहेत, आणि जाणकार या रेषा मोजूनच जाती वेगळ्या करतात.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मिळणाऱ्या लेप्यांत दोन जाती विशेष सांगण्यासारख्या आहेत. सायनोग्लॉसस मॅक्रोस्टोमस ही लहान जात साधारण वीतभर लांबीपर्यंतच वाढते आणि केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावर तिचे मोठे थवे मिळतात, तर सायनोग्लॉसस अरेल ही मोठ्या खवल्यांची जात ४० सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते. सायनोग्लॉसस या ग्रीक नावाचा अर्थ कुत्र्याची जीभ असा आहे. नाव ठेवणाऱ्याने मासा नीट पाहिला होता, एवढे निश्चित.

दुसरी पायरी: बाजारात लेपा ओळखणे

मासा तपकिरी बाजू आपल्याकडे करून उभा धरावा, म्हणजे एक कड वर आणि एक कड खाली येईल. तोंडाची फट आणि खालचा जबडा ज्या कडेला आहे ती कड खाली ठेवावी. आता डोके आपल्या डाव्या हाताकडे आले, तर तो लेप्याच्या कुळातला आहे. डोके उजवीकडे आले, तर तो इंग्रजीत सोल म्हणतात त्या माशांच्या दुसऱ्या कुळातला समजावा, ज्यात अंगावर झेब्र्यासारखे आडवे पट्टे असलेले मासेही येतात. त्यांत शेपटी बोटाने वेगळी दाखवता येण्यासारखी असू शकते, अंग अधिक रुंद व गोलसर असते आणि डोक्याचे टोक लेप्यासारखे आकड्याने वळलेले नसते.

एका तिसऱ्या माशाने मात्र या कसोटीला गोंधळात टाकू नये. इंडियन हॅलिबट म्हणून ओळखला जाणारा जाड, मोठा चपटा मासा कधी डावीकडे तर कधी उजवीकडे डोळे असलेला सापडतो. तो ओळखायचा तर तोंड उघडून पाहावे. त्याचे तोंड मोठे आणि दात टोकदार असतात, शिवाय पाठीवरचा पर डोक्याच्या मागून सुरू होतो, तर लेप्याचा पर थेट थुंतरीच्या टोकापासून. तोही खायला उत्तम आहे, परंतु तो तुकडे करून शिजवायचा मासा आहे आणि पुढे दिलेली सोलण्याची पद्धत त्याला लागू पडत नाही.

हॉटेलांत किंवा गोठवलेल्या पाकिटांत सोल या नावाने पांढऱ्या मांसाचा जाड, काटे नसलेला तुकडा मिळाला, तर त्याला लेपा समजण्याची घाई करू नये. लेप्याच्या अंगातून तेवढा जाड तुकडा निघूच शकत नाही.

तिसरी पायरी: ताजेपणाची पारख

डोळ्यांवरून ताजेपणा ओळखावा, असे नवशिक्याला नेहमी सांगितले जाते. पापलेट-बांगड्याला ते ठीक आहे, पण लेप्याचे डोळे टाचणीच्या डोक्यापेक्षा थोडे मोठे असतात आणि त्यांवरून फारसे काही कळत नाही. लेपा उलटा करून पाहावा. त्याची पांढरी कूस हीच खरी साक्षीदार आहे. ती स्वच्छ, दुधी पांढरी आणि ओलसर चमकदार असेल तर मासा ताजा. तिच्यावर पिवळट झाक, लालसर डाग किंवा करडेपणा असेल तर तो वाटा सोडून द्यावा. त्यानंतर डोक्यालगतचा पोटाचा भाग अंगठ्याने हलका दाबावा. लेप्याचे पोट एका लहान कप्प्यात, डोक्याच्या अगदी मागे असते आणि नासण्याची सुरुवात तिथून होते. तो भाग मऊ, जांभळट किंवा फुटलेला नसावा. अंगावरचा चिकटपणा हा दोष नव्हे. तळाशी राहणाऱ्या या माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतोच, फक्त तो पारदर्शक असावा, गढूळ व दुर्गंधीयुक्त नसावा.

शेवटी शेपटीकडून डोक्याकडे तपकिरी बाजूवरून बोट फिरवावे. बहुतेक जातींत वरचे खवले कानशीसारखे खरखरीत लागतात. ते घट्ट बसलेले असतील तर उत्तम, बोटाबरोबर सुटून येत असतील तर मासा शिळा होत चालला आहे.

चौथी पायरी: किती आणि केव्हा घ्यावा

लेपे सहसा वाट्यावर विकले जातात. वाट्यातले मासे एकाच आकाराचे आहेत का, खाली लहान दडवलेले नाहीत ना, हे कोळणीला सांगून नीट पाहून घ्यावे. तिला विचारण्यात कमीपणा मानू नये, कारण माशाविषयी सगळ्यांत पक्की माहिती तिच्याकडेच असते. नवशिक्याने मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढे मासे घ्यावेत. त्याहून लहान मासे सोलणे अवघड जाते.

महाराष्ट्रात जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. या काळात ताज्या लेप्याचा आग्रह धरू नये. पावसाळा ओसरून नौका पुन्हा समुद्रात गेल्या की लेपा येऊ लागतो. तो तळाला असल्याने कोळंबीसाठी तळावरून ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यात सापडतो, ओहोटी-भरतीच्या ओढीवर लावलेल्या डोल जाळ्यातही येतो आणि सिंधुदुर्गाकडे किनाऱ्यावरून ओढल्या जाणाऱ्या रापणीतही मिळतो. माझे मत विचाराल तर रापणीचा लेपा सर्वांत चांगला, कारण तो जाळ्यातून थेट वाळूवर येतो आणि तासाभरात बाजारात पोहोचू शकतो. बोटाएवढे लेपे मात्र घेऊ नयेत. लहान जातीचा मासा वीतभरही पूर्ण वाढलेला असू शकतो हे खरे, पण बोटाएवढा लेपा बहुधा पिल्लूच असतो, आणि मागणी असेल तोवर तो विक्रीला येत राहील.

पाचवी पायरी: साफ करणे आणि सोलणे

ही पायरी सावकाश करावी. कोळीण अर्ध्या मिनिटात लेपा सोलून देते, आणि पहिल्या वेळी तिच्याकडून करून घेऊन शेजारी उभे राहून पाहणे हा सर्वांत चांगला धडा आहे. घरी करायचे असल्यास विळी किंवा धारदार सुरी, कात्री आणि मूठभर खडे मीठ जवळ ठेवावे. पूर्वी बुळबुळीत मासा धरण्यासाठी चुलीची राख वापरत. आता खडे मीठ ते काम करते.

प्रथम कात्रीने दोन्ही कडांवरची पराची झालर काढावी. कात्री शेपटीकडून डोक्याकडे चालवावी, कारण परातले काटे शेपटीच्या दिशेने झुकलेले असतात आणि उलट्या दिशेने ते सहज कापले जातात. झालर अंगालगत कापावी, पण मांसात शिरू नये. पुढे ताटात काटे वेगळे करताना या कडेचा उपयोग होणार आहे.

नंतर डोके कापावे. कल्ल्याच्या झाकणाच्या लगेच मागे, पोटाच्या कडेकडे थोडा अधिक झुकलेला असा तिरका काप द्यावा. आतडी त्या लहान कप्प्यात असल्याने काप योग्य बसला तर डोक्याबरोबरच ती बाहेर येतात आणि पोट वेगळे फाडावे लागत नाही. काही राहिले असल्यास बोटाने काढून, आतला काळसर थर पाण्याखाली चोळून धुवावा. मादी असेल तर आत गाभोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, सापडते. ती पोटाच्या कप्प्यात न मावता मांसाच्या आतून शेपटीकडे निमुळती होत गेलेली असते. तिला घाण समजून टाकून देऊ नये. ती तशीच आत ठेवून माशाबरोबर तळावी.

आता सोलणे. डोके कापल्यावर जी कड उघडी झाली तिथे तपकिरी कातडीचे टोक नखाने किंवा सुरीच्या टोकाने पाऊण बोट उचलावे. एका हाताच्या बोटांना मीठ लावून ते टोक घट्ट धरावे, दुसऱ्या हाताने मासा पाटावर दाबून ठेवावा आणि कातडी शेपटीच्या दिशेने, माशाला जवळजवळ समांतर ठेवून, एकाच सलग ओढीने काढावी. कातडी वर उभी ओढली तर मांस तुटून तिच्याबरोबर येते. ही नवशिक्याकडून होणारी नेहमीची चूक आहे. पहिला मासा फाटला तर हरकत नाही. तो कालवणात जाईल आणि तिसऱ्या माशापर्यंत हात बसतो.

पांढऱ्या बाजूची कातडी पातळ असते. ती काढण्याची गरज नाही. तिच्यावरचे बारीक खवले सुरीच्या बोथट बाजूने खरवडून टाकावेत. ती कातडी राहिल्याने मासा तव्यावर एकसंध राहतो. सोललेले लेपे भरपूर पाण्यात एकदाच धुऊन, निथळून घ्यावेत. ते पाण्यात भिजत ठेवू नयेत, कारण मांस नाजूक असल्याने पाणी पिऊन बेचव होते.

सहावी पायरी: तळणे, आणि थोडे कालवणाविषयी

चार मध्यम लेप्यांना अर्धा चमचा हळद, बेताचे मीठ, दोन चमचे आगळ (कोकमाचा आंबट रस) किंवा लिंबाचा रस, लसूण-आले-कोथिंबिरीचे थोडे वाटण आणि घरात असेल तो मालवणी किंवा कोळी मसाला लावावा. पांढऱ्या बाजूला दोन-तीन तिरक्या चिरा द्याव्यात. कातडी तापल्यावर आकसते आणि चिरा नसतील तर मासा तव्यावर वाटीसारखा वळतो. सुरमईच्या तुकड्याला मसाला लावून तासभर ठेवला तरी चालते, परंतु लेप्याचे अंग बोटभरही जाड नसते, म्हणून १५ मिनिटे पुरेशी आहेत. जास्त वेळ ठेवल्यास मीठ आतले पाणी ओढून काढते आणि मासा कोरडा होतो.

दोन भाग रवा आणि एक भाग तांदळाचे पीठ एकत्र करून मासा त्यात दोन्ही बाजूंनी दाबून घोळवावा. बिडाचा तवा चांगला तापवून, तेल घालून, आच मध्यम करावी आणि मासा पांढरी बाजू खाली करून ठेवावा. पहिली तीन मिनिटे त्याला हात लावू नये. कडा सोनेरी दिसू लागल्या आणि मासा तव्यापासून आपोआप सुटला की रुंद उलथन्याने एकदाच उलटावा आणि दुसरी बाजू दोन-तीन मिनिटे तळावी. पुन्हा पुन्हा उलटला तर तो तुटतो. तव्यावर एका वेळी दोनच मासे ठेवावेत, कारण गर्दी झाली की वाफ धरते आणि रवा मऊ पडतो.

कालवण करायचे असल्यास रस पातळ व आंबट ठेवावा. ठेचलेली लसूण तेलात परतून, हळद-मसाला, चिंचेचा कोळ आणि पाणी घालून रसाला उकळी आणावी, आणि लेपे अगदी शेवटी सोडावेत. पाच-सहा मिनिटांत ते शिजतात. डाव घालून ढवळू नये. पातेल्याच्या कडा धरून ते हलके फिरवावे.

सातवी पायरी: ताटात काटा काढणे

लेप्याच्या मधोमध पाठीचा कणा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कंगव्याच्या दातांसारखे काटे कडांपर्यंत गेलेले असतात. मांस या कंगव्याच्या वर दोन पट्ट्यांत आणि खाली दोन पट्ट्यांत, असे एकूण चार भागांत असते. वरच्या बाजूला मधोमध जी रेघ दिसते तिथे बोटाने दाबून मांस दोन्ही कडांकडे सरकवावे, म्हणजे वरच्या दोन्ही पट्ट्या स्वच्छ निघतात. मग उघडा पडलेला कणा डोक्याकडच्या टोकाला धरून शेपटीकडे उचलावा. पूर्ण कंगवा एकसंध निघून येतो आणि खालच्या दोन पट्ट्या ताटात तशाच राहतात. बारीक काटे उरतात ते केवळ दोन्ही कडांना. तेवढी अर्ध्या बोटाची कड बाजूला केली की लहान मुलांना आणि वृद्धांनाही हा मासा निर्धास्तपणे देता येतो. मांसाच्या मधोमध भटके काटे जवळजवळ नसतात, आणि मुलांना मासे खायला शिकवायचे असतील तर मी नेहमी लेप्यापासून सुरुवात करायला सांगतो.

आठवी पायरी: जमल्यास जिवंत लेपा पाहणे

ज्याने लेपा केवळ ओट्यावर पाहिला त्याला त्याची अर्धीच ओळख झाली. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाच्या दिवसांत भरती जशी मोठी असते तशी ओहोटीही खोल जाते आणि एरवी पाण्याखाली राहणारी वाळू उघडी पडते. अशा वेळी पाणी सर्वांत कमी होण्याच्या तासभर आधी किनाऱ्यावर पोहोचावे आणि वाळूतल्या उथळ डबक्यांच्या कडेला स्थिर उभे राहावे. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये. लेप्याचे पिल्लू दिसते ते त्याच्या हालचालीने. वाळूचा एक लहानसा तुकडा सरकल्यासारखा वाटतो, पुन्हा थांबतो, आणि मग त्यात दोन बारीक, जवळजवळचे डोळे दिसू लागतात. मुंबईत २०१७ पासून मरीन लाइफ ऑफ मुंबई हा गट ओहोटीच्या वेळी किनारा दाखवणाऱ्या फेऱ्या काढतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने एकट्याने भटकण्याऐवजी अशा जाणत्या लोकांबरोबर जाणे चांगले.

पाण्यातून चालताना पाय उचलून टाकू नयेत, वाळूवरून घासत न्यावेत. लेप्याप्रमाणेच पाकटही वाळूखाली दडून बसते, आणि त्याच्या शेपटीवरचा काटा विषारी असतो. घासत येणाऱ्या पायांची चाहूल लागली की ते आपणहून दूर निघून जाते. पिल्लू सापडलेच तर ते कोरड्या हाताने उचलू नये, कारण अंगावरचा बुळबुळीत थर निघून गेला तर त्याला इजा होते. पाण्यासकट ओंजळीत घेऊन पाहावे, डोळे डाव्या कुशीवर आहेत याची खात्री करून घ्यावी आणि जिथून घेतले त्याच डबक्यात, तपकिरी बाजू वर ठेवून, सोडावे. काही क्षणांत कडेची झालर थरथरते, वाळू उडते आणि मासा दिसेनासा होतो.